बुलिमियाबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न (एका ठाणेकर आईकडून)

मी नौपाड्यात राहते. डॉक्टर नाही, काउन्सेलर पण नाही. माझ्या लेकीला बारावीनंतर बुलिमिया झाला आणि त्यातून बाहेर यायला आम्हाला तीन-साडेतीन वर्षं लागली. तेव्हापासून सोसायटीतल्या, जुन्या शाळेच्या ग्रुपवरच्या, ऐरोली-वाशीकडच्या ओळखीच्या बायका फोन करतात, आधी पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलतात आणि मग आवाज खाली करून तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतेय. लेकीला विचारून लिहितेय, तिने वाचून दोन ठिकाणी दुरुस्त पण केलंय.

बुलिमिया म्हणजे खाऊन झाल्यावर उलटी काढणं, एवढंच ना?

नाही. उलटी हा त्यातला एक भाग, आणि काही जणांमध्ये तर उलटी नसतेच. हा आजार चक्रासारखा फिरतो. आधी माणूस खाणं खूप कमी करतो, मग कधीतरी बांध फुटतो आणि थोड्या वेळात प्रचंड खाल्लं जातं, त्याला बिंज म्हणतात, मग भयंकर अपराधी वाटतं आणि ते खाल्लेलं "भरून काढायला" काहीतरी केलं जातं. उलटी, जुलाबाच्या गोळ्या, दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास, नाहीतर दमछाक होईपर्यंत व्यायाम. आणि मग पोट रिकामं, म्हणून परत बिंज. डॉक्टर जे निकष वापरतात त्यात हे आठवड्यातून निदान एकदा आणि सलग ३ महिने होत असलं तर बुलिमिया म्हणतात. शिवाय आणखी एक गोष्ट असावी लागते, स्वतःची सगळी किंमत वजनावर आणि अंगकाठीवर ठरवणं. पण तीन महिने मोजत बसू नका, दोन महिने झाले असले तरी डॉक्टरकडे जायला काही हरकत नसते.

हे नाव कसलं?

मूळ ग्रीक आहे, अर्थ साधारण "बैलाएवढी भूक". लंडनच्या जेराल्ड रसेल नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७९ मध्ये याचं वेगळा आजार म्हणून पहिल्यांदा नीट वर्णन केलं.

लग्नात, दिवाळीत आपण पण दाबून खातोच की. मग बिंज वेगळं कसं?

फरक किती खाल्लं यापेक्षा थांबता येतं का नाही, हा आहे. लग्नात आपण चार जिलब्या जास्त खातो, पोटावरून हात फिरवतो आणि विषय संपतो. त्यात मजा असते. बिंजमध्ये मजा नसते.

मी पाहिलंय म्हणून सांगते. दिवाळीच्या आधी रात्री दोनला मी पाणी प्यायला उठले, स्वयंपाकघरात लाइट नाही, फ्रिजचं दार उघडं आणि त्या उजेडात ही खाली फरशीवर बसलेली, मांडीत शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा. चकल्यांचा डबा बाजूला, रिकामा. नीट चावत पण नव्हती. मला वाटलं मला बघून दचकेल, पण तिने माझ्याकडे बघितलं आणि हात तसाच डब्यात जात राहिला, तिला तो थांबवताच येत नव्हता. डोळ्यातून पाणी चाललेलं. नंतर कधीतरी ती म्हणाली, आई तेव्हा चव पण कळत नव्हती गं.

पण आमची मुलगी बारीक नाहीये, व्यवस्थित अंगाने भरलेली आहे. मग तिला कसा असेल?

हाच सगळ्यात मोठा घोटाळा. न खाऊन हाडं दिसायला लागतात तो अॅनोरेक्सिया, तो वेगळा. बुलिमियात वजन बहुतेक वेळा नॉर्मल असतं किंवा थोडं जास्त, त्यामुळे बाहेरून बघून काहीच कळत नाही. आम्ही आमच्या फॅमिली डॉक्टरकडे दोनदा गेलो होतो, घसा दुखतो, छातीत जळजळतं म्हणून. त्यांनी वजन केलं, म्हणाले वजन उत्तम आहे, अॅसिडिटी आहे, बाहेरचं बंद करा, आणि वर तिच्याकडे बघून म्हणाले, "थोडं कमी केलंस तरी चालेल." ते चांगलेच डॉक्टर आहेत, पण ते एक वाक्य पुढचे सहा महिने तिच्या डोक्यात वाजत राहिलं. माझ्या डोक्यात अजून आहे.

मग ओळखायचं कसं?

आमच्याकडे दातांच्या डॉक्टरांनी ओळखलं. थंड लागलं की दात ठणकतात म्हणून गेलो होतो. त्यांनी वरचे पुढचे दात आरशाने मागच्या बाजूने बघितले, बराच वेळ बघितले आणि मला बाहेर बसायला सांगितलं. पोटातलं अॅसिड वारंवार तोंडात आलं की दाताचं एनॅमल आतल्या बाजूने झिजतं, समोरून दात अगदी छान दिसतात. मला तेव्हा राग आला होता की मला बाहेर का काढलं, पण तिने पहिल्यांदा तोंड उघडलं ते त्या खुर्चीत, माझ्यासमोर नाही.

बाकीच्या खुणा अशा. जेवण झालं की लगेच बाथरूम आणि नळ सोडलेला. कानाखाली गालगुंडासारखी सूज, चेहरा गोल दिसतो आणि तिला वाटतं आपण अजून जाड झालो. बोटांच्या सांध्यांवर मागच्या बाजूला घट्टे किंवा खरचटल्यासारखे डाग. पाळी पुढेमागे. डब्यातलं खाणं गायब होणं, कपाटात रिकामी पाकिटं, पर्समधले पैसे कमी होणं. चारचौघात जेवायला टाळाटाळ. उपवन तलावाला सकाळी फेऱ्या, संध्याकाळी परत फेऱ्या, पाऊस असो ताप असो, आणि एक दिवस चुकला तर घरात कुणाशी धड बोलणं नाही. यातली एखादीच खूण दिसली म्हणून घाबरू नका, पण तीन-चार एकत्र दिसल्या तर "वयच असं आहे" म्हणून सोडून देऊ नका.

का होतं हे? आमचं काय चुकलं?

हा प्रश्न प्रत्येक आई विचारते, बाबा लोक विचारत नाहीत पण त्यांच्या पण मनात असतो. एक कारण नसतं. थोडं रक्तातून येतं, घरात कुणाला असे आजार किंवा डिप्रेशन असेल तर शक्यता वाढते. स्वभाव असतो, स्वतःवर फार कडक असणारी मुलं. लहानपणी जाड म्हणून चिडवलेलं असतं, कुणाच्या बाबतीत काही अत्याचार झालेला असतो. वातावरण तर आहेच. फिजी बेटांवर १९९५ च्या सुमारास टीव्ही आला. तिथे आधी भरलेलं अंग चांगलं समजायचे, वजन कमी करायला उलटी काढते असं तेव्हा एकाही मुलीने सांगितलं नव्हतं. तीन वर्षांनी, १९९८ ला संशोधकांनी परत विचारलं तर शंभरातल्या अकरा मुली ते करत होत्या. तेव्हा नुसता टीव्ही होता, आता तर प्रत्येकीच्या हातात फोन आहे.

पण माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं ते उपाशी राहण्याबद्दल. अमेरिकेत मिनेसोटाला १९४४-४५ मध्ये एक प्रयोग झाला होता, ३६ धडधाकट तरुण पुरुषांना सहाएक महिने अर्धपोटी ठेवलं. हे पुरुष, कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं, कसलाही मानसिक आजार नव्हता. तरी ते दिवसभर खाण्याचाच विचार करायला लागले, पाककृती गोळा करायला लागले, आणि नंतर जेव्हा मनसोक्त खायला दिलं तेव्हा काही जणांना थांबताच येईना, पोट तुडुंब भरलं तरी भूक जाईना. म्हणजे बिंज हा हावरटपणा नाही, मनाचा कमकुवतपणा नाही, उपाशी शरीर असंच वागतं. माझ्या लेकीचं पण सुरू झालं ते बिंजने नाही, डाएटने. बारावीच्या सुट्टीत भात बंद, पोळी बंद, रात्रीचं जेवण बंद, आणि आम्ही सगळे काय म्हणत होतो, "अरे वा, किती कंट्रोल आहे हिचा!" कौतुक करत होतो आम्ही. सासूबाई तर येईल त्याला सांगायच्या. तेव्हा कुणी मला सांगितलं असतं की रिकामं पोट हीच या आजाराची सुरुवात आहे तर मी तिच्या ताटात रोज स्वतः भात वाढला असता.

म्हणून चुकलं का, तर चुकलं असेल थोडं. पण आजार आपण दिला असं नाही. आणि अपराधी वाटून आपण रडत बसलो की मुलीला तिच्या दुखण्यासोबत आपलं पण सांभाळावं लागतं, ते करू नका.

चतुर्थी, एकादशी, नवरात्रीचे उपास चालतात का?

आजार चालू आहे तोपर्यंत नाही. मी स्वतः देवाधर्माचं सगळं करणारी आहे, तरी सांगते. हा आजार उपासाच्या मागे फार छान लपतो, कुणी प्रश्नच विचारत नाही. आमच्याकडे एका वर्षी श्रावणी सोमवार, शनिवार, चतुर्थी सगळं सुरू झालं होतं आणि मला वाटायचं पोरगी किती श्रद्धाळू झाली. आता घरात उपास मी धरते आणि तिच्या पुढ्यात नेहमीचं ताट असतं. आजारी माणसाला उपास माफ असतो हे आपल्याकडे पूर्वीपासून मानतातच, आणि हा आजारच आहे.

उलटीने किंवा जुलाबाच्या गोळ्यांनी वजन तरी कमी होतं का?

नाही. अन्नातलं बरंचसं आधीच अंगी लागलेलं असतं, उलटीने सगळं बाहेर येतच नाही. जुलाबाची गोळी मोठ्या आतड्यावर काम करते, आणि अन्न शोषलं जातं त्याच्या आधी, लहान आतड्यात. म्हणजे जातं ते पाणी आणि क्षार. काटा थोडा खाली येतो तो पाण्यामुळे, आणि पाणी प्यायलं की परत वर. उलट शरीर पाणी धरून ठेवायला लागतं, पाय-चेहरा सुजतो आणि तिला वाटतं आपण फुगलो, की परत गोळी. गोळ्या फार दिवस घेतल्या असतील तर एकदम बंद न करता डॉक्टरला सांगून बंद करा.

जिवाला धोका असतो का?

असतो, आणि हे मी घाबरवायला सांगत नाहीये. वारंवार उलटी-जुलाबाने रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि पोटॅशियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे वरून दिसत नाही, मुलगी कॉलेजला जातेय, हसतेय, आणि आत पोटॅशियम खाली. म्हणून डॉक्टरकडे गेलात की रक्ताची इलेक्ट्रोलाइट्सची (म्हणजे पोटॅशियमसारख्या क्षारांची) टेस्ट आणि इसीजी होईल असं बघा. छातीत धडधड, चक्कर येऊन पडणं, हातापायात गोळे किंवा खूप अशक्तपणा, उलटीत रक्त, पोटात असह्य दुखणं, आकडी (फिट), यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टीत न्या, १०८ ला फोन करा. आणि तिथे लपवू नका, "काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल" सांगू नका, खरं सांगा, कारण त्यावरच ते काय तपासायचं ते ठरवतात.

दुसरा धोका मनाचा. या आजारात जीव नकोसा होणं पुष्कळ दिसतं. मुलगी तसं काही बोलली, गमतीत बोलली तरी, तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. थेट विचारलं तर तिच्या डोक्यात तसलं काही घुसेल ही भीती सोडा. विचारल्याने घुसत नाही.

उलटीनंतर लगेच ब्रश करते, चांगलंय ना?

नाही, अॅसिडने मऊ झालेलं एनॅमल ब्रशने अजून घासलं जातं. पाण्याने, जमल्यास पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भरायची, ब्रश नंतर. आणि दातांच्या डॉक्टरला खरं सांगायचं.

मुलग्यांना होतो का?

होतो. कमी दिसतो, पण मुलगे सांगतच नाहीत हे पण त्यात आहे. त्यांच्यात जिम आणि "कटिंग"च्या, म्हणजे चरबी उतरवण्याच्या, नावाखाली चालतं, आणि घरचे कौतुकच करतात. मुलगा जास्त जेवला तर आपल्याकडे कुणी बघत पण नाही.

तिच्याशी बोलायचं कसं?

मी आधी काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. मी बाथरूमचं दार बडवलं. "अन्नाचा माज आलाय का तुला, आम्ही एवढं राबून आणतो" असं ओरडले, आणि वन बीएचकेच्या घरात ते सासूबाईंनी, नवऱ्याने, शेजारच्यांनी सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर ती घरात उलटी करायची बंद झाली आणि मी खूश, पण ती बाहेर, क्लासच्या बाथरूममध्ये करत होती. म्हणजे मी आजार थांबवला नाही, फक्त माझ्या नजरेआड केला.

नंतर काउन्सेलरनी शिकवलं. जेवणाच्या टेबलावर हा विषय काढायचा नाही. समोरासमोर बसवून चौकशी करायची नाही. आम्ही तलावपाळीला संध्याकाळी चालायला गेलो, शेजारी शेजारी चालताना एकमेकींच्या डोळ्यात बघावं लागत नाही, आणि मी एवढंच म्हटलं, "मला कळलंय तुला त्रास होतोय. मी ओरडले ते चुकलं. तुला जेव्हा सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, मी आता ओरडणार नाही." ती काही बोलली नाही. गडकरी रंगायतनपर्यंत गेलो, परत आलो, तरी नाही. तीन दिवसांनी रात्री माझ्या अंथरुणात येऊन झोपली आणि अंधारात बोलायला लागली.

म्हणायचं नाही असं बरंच आहे. "बारीक दिसतेस", "छान भरलीस", "तब्येत सुधारली गं" यातलं काहीच नाही, कौतुक म्हणून पण नाही. तिच्या कानात तब्येत सुधारली म्हणजे जाड झालीस असंच जातं. दुसऱ्या कुणाच्या अंगावरून पण बोलू नका आणि स्वतःच्या पोटाला पण नावं ठेवू नका. मला हे सगळ्यात जड गेलं. नातेवाईकांना मी सरळ सांगून टाकलं की आमच्या घरी वजनाचा विषय नाही. एक मावशी रागावल्या, रागावू दे.

उपचार काय असतात?

सगळ्यात चांगला पुरावा आहे तो सीबीटी नावाच्या थेरपीला, म्हणजे बोलून, विचार आणि सवयी बदलायच्या उपचाराला. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी ती या आजारांसाठी बसवली, साधारण २० सेशन्स. लहान वयाच्या मुलांमध्ये आईवडिलांना बरोबर घेऊन करायची पद्धत पण आहे. मला वाटलं होतं तिथे बालपण उकरतील, भूतकाळ काढतील. पहिल्या महिन्यात काय केलं? जेवणाच्या वेळा लावल्या! तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, तीन-चार तासांपेक्षा जास्त पोट रिकामं नाही, भूक असो नसो. रात्री बिंज झालं असलं तरी सकाळचे पोहे खायचेच, भरून काढायचं नाही. आणि डायरी, काय खाल्लं, कधी, तेव्हा मनात काय होतं. मी म्हटलं एवढ्यासाठी फी देतोय? पण पाच-सहा आठवड्यांत रात्रीचं फ्रिज उघडणं निम्म्यावर आलं. ज्या पोरीला आम्ही कंट्रोल शिकवत होतो तिला खरं तर चार वाजताचं खाणं हवं होतं. मग हळूहळू "बंदी" घातलेले पदार्थ परत आणायचे, भात, बटाटा, तिच्या बाबतीत गुलाबजाम. ते थेरपिस्टबरोबर ठरवून, घरच्यांनी जबरदस्ती करून नाही.

गोळी पण असते. फ्लुओक्सेटिन या आजारात वापरतात, आणि डिप्रेशनपेक्षा जास्त डोस लागतो, बहुतेक ६० मिलिग्रॅम, म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने आणायची नाही, सायकिअॅट्रिस्टच देणार आणि वाढवणार. ब्युप्रोपिऑन नावाची दुसरी एक गोळी मात्र बुलिमियात देत नाहीत, आकडी (फिट) येण्याचा धोका असतो, म्हणून इतर कशासाठी डॉक्टरकडे गेलात तरी या आजाराचं सांगा.

ठाण्यात, नवी मुंबईत जायचं कुठे?

आधी ते "ठाण्याला पाठवा" डोक्यातून काढा. आपण ठाणेकर लहानपणापासून हे ऐकत आलो, इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, त्यामुळे अख्ख्या महाराष्ट्रात ठाण्याचं नाव घेऊन चेष्टा चालते. माझ्या नवऱ्याचं पहिलं वाक्य तेच होतं, "म्हणजे काय वेडी आहे का ती?" तो बिचारा घाबरला होता.

सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी कमी पैशात होते, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. ठाण्यात १९९० पासून मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली, मानसिक आरोग्याचं काम करणारी आयपीएच संस्था आहे. नवी मुंबईत नेरूळला मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे. कुठेही गेलात तरी फोनवर आधी विचारा, इटिंग डिसऑर्डरचे, म्हणजे खाण्याच्या अशा आजारांचे पेशंट बघता का. एक जण बघून पटलं नाही तर दुसरं माणूस शोधा, आम्हाला पण दुसरीच काउन्सेलर लागू पडली. टीममध्ये सायकिअॅट्रिस्ट, थेरपिस्ट आणि एक फिजिशियन असले तर उत्तम. आहारतज्ज्ञ असेल तर वजन कमी करून देणारे नकोत, हे ठासून सांगते.

इन्शुरन्स मिळतो का?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. पण ओपीडीचा खर्च पॉलिसीत असतोच असं नाही, पॉलिसी वाचा.

लग्न झालं की सुधारेल ना?

नाही. नवीन घर, नवीन माणसं, सगळ्यांसमोर जेवायचं, यात वाढायचीच शक्यता जास्त. १९९५ मध्ये राजकन्या डायनाने टीव्हीवर जगासमोर सांगितलं होतं की तिला हा आजार लग्नानंतर कितीतरी वर्षं होता. राजवाड्यात गेला नाही तर आपल्या घरात कसा जाईल?

पूर्ण बरं होतं का? तुमची मुलगी आता कशी आहे?

पुष्कळ जण पूर्ण बरे होतात, जितकं लवकर सुरू कराल तितकं बरं. पण मध्ये घसरतं. माझ्या लेकीचं सात महिने काही नव्हतं आणि नोकरी गेली त्या आठवड्यात परत झालं, तिने स्वतः फोन करून अपॉइंटमेंट घेतली, मला नंतर सांगितलं. आता ऐरोलीला ऑफिस आहे, ट्रान्स-हार्बरने जाते, डब्याबरोबर अकरा वाजताचं आणि चार वाजताचं खाणं वेगळ्या डबीत नेते. मागच्या दिवाळीत सगळ्यांसोबत ताटलीत दोन चकल्या आणि एक लाडू घेतला, खाल्ला, आणि भावाशी टीव्हीच्या रिमोटवरून भांडत बसली. मी स्वयंपाकघरात होते, नळाचा आवाज येतोय का म्हणून माझा कान बाथरूमकडेच होता. ती सवय माझी अजून गेली नाही, त्यासाठी मी पण आता काउन्सेलरकडे जाते.

रात्रीअपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर?

टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, १४४१६. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मुलीसाठीच असं नाही, आईने पण करायचा.